अर्ध्या मोटारसायकलची चोरी

इतकी वर्षे झाली, तरी त्या दसऱ्याच्या सकाळची आठवण मनातून जात नाही. त्या सकाळी तंजावूरच्या मराठ्यांचा शेवटचा घोडा चोरीला गेल्याची वर्दी माझ्या ठाण्यात आली. निदान तक्रारदाराने तसे लिहून आणले होते. घोडा म्हणजे मोटारसायकल; आणि मोटारसायकलही पूर्ण नव्हे, नुसते इंजिन.

मी इथल्याच मराठी कुटुंबातला. आम्ही घरी जी मराठी बोलतो ती पुण्याहून आलेल्या पाहुण्याला अर्धी समजते, उरलेली त्याला तमिळ वाटते. देवनागरी मला वडिलांनी शिकवली. माझ्या मुलांना मराठी कळते, पण उत्तर ती तमिळमध्ये देतात. म्हणून खालची संभाषणे वाचणाऱ्याला समजतील अशा बेताने लिहिली आहेत. नावे कोणाचीच देत नाही. सगळे हयात आहेत आणि अजून एकमेकांच्या चुका काढतात.

आदल्या दिवशी खंडेनवमी होती. तमिळनाडूत तिला आयुधपूजा म्हणतात, आणि ती पोलीस ठाण्यात जितक्या मनापासून होते तितकी देवळात होत असेल की नाही याची मला शंका आहे. रायफलींना चंदनाचे ठिपके, जीपच्या बंपरला केळीची रोपे, दारात फोडलेला कोहळा. दसऱ्याच्या सकाळी नोंदी लिहिणाऱ्या रायटरच्या टेबलावर चुरमुऱ्यांची रास तशीच होती. लॉकअपच्या गजांना झेंडूची माळ होती. आत कोणी नव्हते, त्यामुळे ती शोभून दिसत होती.

तक्रारदार बँकेत अधिकारी होते. निवृत्तीला थोडा अवधी उरलेला. खांद्यावर जरीचे उपरणे, हातात चौकटीत बसवलेला इंजिनाचा फोटो. त्यांना मी इथे थोरले म्हणतो.

"साहेब, हा राजघराण्याचा वारसा आहे," ते म्हणाले. "आमच्या पूर्वजांच्या घोड्याची जागा पुढे हिने घेतली."

तंजावूरचे राज्य खालसा झाले तेव्हा मोटारसायकलचा शोधही लागला नव्हता. पण तक्रारदाराला पहिल्या पाच मिनिटांत इतिहास शिकवू नये, हे मी नोकरीच्या सुरुवातीलाच शिकलो होतो.

"बाकीची गाडी कुठे आहे?" मी विचारले.

"ती माझ्या धाकट्या भावाकडे. आणि चोरही तोच आहे."

मग प्रकरण उलगडत गेले. यांच्या वडिलांकडे एक जुनी ब्रिटिश मोटारसायकल होती. ती त्यांनी भंगारातून उचलून स्वतः उभी केली होती. वडील गेल्यावर घर, शेत, भांडी सगळ्यांची वाटणी झाली आणि मोटारसायकल उरली. दोघांनाही ती हवी होती आणि किंमत घेऊन सोडायला दोघेही तयार नव्हते. वाटणीला बसलेला एक वयस्क नातेवाईक वैतागून म्हणाला, "मग कापा मधोमध." त्याने ते रागाने म्हटले होते, यांनी ते निकाल म्हणून घेतले. इंजिन थोरल्यांकडे आले. चाके, टाकी आणि सांगाडा धाकट्यांकडे. त्या दिवसापासून भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते.

गावात जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांचे एक मंडळ आहे. त्यांचा दरवर्षी मेळावा भरतो. तिथे थोरले मखमलीवर इंजिन मांडून बसत आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला धाकटे सांगाडा उभा करत. पाहुणे दोन्हीकडे जाऊन माना डोलावत. मंडळाच्या सचिवांनी भाषणात या प्रकाराला 'वारशाची दोन रूपे' म्हटले होते.

थोरल्यांचे बोलणे चालू असतानाच धाकटे आत आले. ते ओरत्तनाडूला सरकारी शाळेत शिक्षक. पूजेचे जेवण झाल्यावर कुटुंबाला घेऊन सासरी गेले होते, सकाळी परतले तर सांगाडा जागेवर नव्हता.

"साहेब, यांना विचारा, माझा सांगाडा कुठे ठेवलाय," ते भावाकडे न पाहता म्हणाले.

"साहेब, यांना सांगा, आधी इंजिन कुठे ते बोला," थोरले भिंतीकडे पाहून म्हणाले.

"यांना दाखवायला इंजिन आहे, चालवायला चाक नाही, म्हणून हा उद्योग."

"यांच्याकडे चाकं आहेत, पण जायचं कुठे ते कळत नाही."

माझे हेड कॉन्स्टेबल, ज्यांना सगळे ठाणे एट्टय्या म्हणते, तोंडावर चुरमुऱ्यांचा द्रोण धरून हसू लपवत होते.

मला मात्र फार हसू येत नव्हते. दोघांनीही एकमेकांचे नाव संशयित म्हणून लिहून दिले होते आणि दोघेही "आत टाका" म्हणत होते. गुन्हा दाखल करून अटक केली असती तर शिक्षकाचे निलंबन ठरलेले होते, आणि बँकेनेही निवृत्तीच्या तोंडावर आलेल्या अधिकाऱ्याला हार घातला नसता. दोन घरांची अन्नाची सोय जाणार होती, तीही जिच्यावर गेली कित्येक वर्षे कोणी बसलेले नव्हते अशा मोटारसायकलपायी. कौटुंबिक वाद म्हणून प्राथमिक चौकशी करायची मुभा कायद्यात आहे. मी दोघांनाही फक्त अर्ज मिळाल्याची पोच दिली आणि घटनास्थळी गेलो.

थोरलेही आदल्या दुपारी सहकुटुंब देवदर्शनाला गेले होते आणि सकाळीच परतले होते. त्यांच्या घराचे कुलूप शाबूत होते. खिडक्या शाबूत होत्या. मधल्या खोलीत जिथे इंजिनाची पूजा मांडली होती तिथे रिकामा पाट होता. पाटावर अक्षता होत्या, समोर केळीच्या पानाच्या तुकड्यावर दहीभाताचा गोळा होता. पाटाखालची रांगोळी एका बाजूने उघडी पडली होती. म्हणजे पाट मूळ जागेवरून वीतभर सरकवलेला होता.

एट्टय्या दोन पावले मागे झाले. "अय्या, हा चेटकाचा प्रकार दिसतो."

"मीही तेच म्हणतो," थोरले म्हणाले. "धाकट्याने करणी केली."

"पूजा कोणी केली होती?" मी विचारले.

"आमच्या आत्याने. तीच करते सगळं. मला त्यातलं काही ठाऊक नाही."

ते खरे असावे. घरच्या पूजेतले त्यांनी आजवर फक्त नैवेद्याचे ताट पाहिले होते.

धाकट्यांच्या घरीही तेच. शाबूत कुलूप, भिंतीशी चाकांच्या जागी चिरडलेली दोन लिंबे, जमिनीवर अक्षता, पानावर दहीभात. हे पाहिले आणि मला माझी आई आठवली. गणपती हलवायच्या आधी ती त्याच्यावर अक्षता टाकायची, दहीभात दाखवायची, मूर्ती जागच्या जागी थोडी सरकवायची आणि पुन्हा ये म्हणायची. उत्तरपूजा. तिच्याशिवाय पूजेतली वस्तू उचलायची नसते.

माझ्या हाताखालून पुष्कळ चोर गेले. घाईत चप्पल विसरलेला पाहिला आहे, शिंक आली म्हणून थांबलेलाही पाहिला आहे. पण जी वस्तू उचलून न्यायची ती आधी वीतभर सरकवून तिचा निरोप घेणारा चोर माझ्या पाहण्यात नव्हता. मी एट्टय्यांना काही बोललो नाही. त्यांनी घरी जाऊन दृष्ट काढून घेतली, असे नंतर कळले.

दुपारी खबर आली. थोरल्यांच्या गल्लीच्या तोंडाशी हार विकणारा एक माणूस बसतो. तो आमचा जुना खबऱ्या. त्याने आदल्या दिवशी एक छोटा हत्ती पाहिला होता. त्या छोट्या मालवाहू टेंपोला महाराष्ट्रातही हेच नाव आहे असे ऐकतो. दोन प्रांतांचे एकमत झालेल्या थोड्या गोष्टींपैकी ही एक. मागे काहीतरी जड केळीच्या पानांनी झाकलेले होते, चालवणारा पापनाशमच्या रस्त्यावरचा मोटारसायकल मेकॅनिक होता. पुढे आणखी कोणी बसले होते का, या प्रश्नावर खबऱ्याला एकाएकी हारांची घाई झाली.

मेकॅनिकला आणले. पन्नाशीचा, शांत माणूस. कपाळावर विभूती, नखांत काळे तेल.

"इंजिन तुझ्याकडे आहे?"

"आहे, अय्या."

"सांगाडा?"

"तोही आहे."

चौकशी इतकी लवकर संपण्याची मला सवय नव्हती. "चोरीचा माल आहे तो," मी म्हणालो.

"चोरीचा नाही, अय्या. ज्यांचा हक्क आहे त्यांनी दिला. जोडून दे म्हणाले."

"कोणी?"

"ते सांगणार नाही. शब्द दिलाय."

"मग आत बसावं लागेल."

"बसतो," तो म्हणाला आणि माळ घातलेल्या लॉकअपकडे पाहून त्याने विचारले, "हीच का खोली?"

एट्टय्यांनी आवाज चढवून पाहिला, थोपटून पाहिले, कॉफी पाजून पाहिली. कॉफी त्याने घेतली. शेवटी मी सहज विचारले, "मग काम सुरू केलंस की नाही?"

"कसं करणार? दसऱ्याची पूजा झाल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही, अशी ताकीद आहे. मी म्हटलं, रविवारपर्यंत जोडून देतो. तर मला म्हणाले, आधी देव, मग तुझा रविवार."

असे बोलणारे माणूस त्या कुटुंबात एकच असू शकत होते. मी टोपी घेतली आणि आत्याकडे गेलो.

आत्या म्हणजे त्या भावांच्या वडिलांची धाकटी बहीण. ऐंशीच्या घरातली, एकटी राहणारी. वाटणीत तिला काही मिळाले नव्हते, दोन्ही घरांच्या किल्ल्या तेवढ्या मिळाल्या होत्या, कारण दोन्हीकडची पूजा तिच्या गळ्यात होती. मी दारात उभा राहिलो तर तिने चष्म्यावरून पाहिले.

"तूच का तो इन्स्पेक्टर? तुझ्या आजीचं माहेर कुठलं रे?"

"आत्या, मी चौकशीला आलोय."

"मीही चौकशीच करत्ये. बस."

मी बसलो. आजीचे माहेर सांगितले. ते तिला पसंत पडले असावे, कारण पितळी टंबळर-वाटीतून कॉफी आली.

"आत्या, इंजिन आणि सांगाडा तुम्ही नेलात."

"नेला की. एवढ्यासाठी गणवेश घालून आलास?"

"न विचारता नेलात."

"विचारलं नाही? दरसाल विचारत्ये. हा म्हणतो, त्याने आधी यावं. तो म्हणतो, याने आधी यावं. मग देवाला विचारलं. देव काही बोलला नाही. म्हणजे हरकत नव्हती."

"पण का?"

तिने कॉफीची वाटी खाली ठेवली. "अरे, सकाळी उठून इंजिनास हळद-कुंकू लावायचं. मग रिक्षा करून दुसऱ्या घरी जायचं आणि चाकांखाली लिंबं ठेवायची. माझे गुडघे गेले. अर्ध्या गणपतीची पूजा करतो का कोणी? मग अर्ध्या गाडीची मी का करू?" आणि चष्मा पुसत म्हणाली, "मला ती गाडी कधीच आवडली नाही. अंगणभर तेल गळायचं. पण माझा भाऊ तिला लाथ मारायचा, आणीक ही दोन पोरं दोन बाजूंनी लोंबकळत असायची. मी गेल्यावर या दोघांस एका दारात उभं करणारं कोण आहे?"

मी नियमाप्रमाणे सांगितले, "गुन्हा नोंदवला तर आरोपी म्हणून तुमचं नाव येईल."

"लिही. वय मात्र कमी लिही."

"आणि त्या अक्षता, तो दहीभात? त्यावरूनच मला कळलं."

ती खरोखर दुखावली. "मग काय, पूजेतली वस्तू तशीच उचलू? मी काय चोर आहे?"

या प्रश्नाला दंडसंहितेत उत्तर होते. मी ते दिले नाही.

मेकॅनिकला सोडले. दोन्ही भावांना कळवले की माल सापडण्याची शक्यता आहे, चौकशी चालू आहे. सरकारी कामाला वेळ लागतो या लोकांच्या समजुतीचा मी पुरेपूर उपयोग करून घेतला. कोणालाही संशय आला नाही. तेवढ्या वेळात मेकॅनिकने आपले काम केले. सिलिंडर घासून घेतला, कार्बुरेटर उकळून साफ केला, गंजलेली एक्झॉस्टची नळी बदलली, टाकीवरची सोनेरी रेघ हाताने ओढली. मग मी दोघांना मुद्देमालाची ओळख पटवण्यासाठी त्याच्या शेडमध्ये बोलावले.

दोघे दोन रिक्षांतून आले. आत शिरले आणि थांबले. समोर मोटारसायकल उभी होती. पूर्ण.

"ओळखा," मी म्हणालो. "थोरले, इंजिन तुमचंच ना?"

"माझंच."

"धाकटे, सांगाडा?"

"माझाच."

"मग घेऊन जा."

कोणी हलले नाही. थोरल्यांनी इंजिनावर हात ठेवला तर तो टाकीलाही लागत होता, आणि टाकी भावाची होती. कोपऱ्यात स्टुलावर आत्या बसली होती. ती म्हणाली, "माल चालतो की नाही ते नको का पाहायला? पोलिसांचा काय भरवसा."

थोरल्यांनी उपरणे काढून खिळ्याला अडकवले. पेट्रोलचा कॉक उघडला, किक मारली. काहीच नाही. पुन्हा मारली. किकने उलटी लाथ दिली आणि ते पोटरी धरून बसले. अशा जुन्या गाड्यांना डाव्या मुठीपाशी एक छोटा खटका असतो. किक मारताना तो दाबून इंजिनाचा जोर हलका करायचा आणि नेमक्या क्षणी सोडायचा. मुले मोठी झाल्यावर आप्पा, म्हणजे त्यांचे वडील, किक थोरल्यांना मारायला देत आणि खटका धाकट्यांना.

धाकटे बराच वेळ छताकडे पाहत होते. मग पुढे येऊन त्यांनी खटका दाबून धरला.

थोरल्यांनी किकवर पाय ठेवला. "सोड."

"अजून नाही."

"सोड म्हणतो ना!"

"तू आधी पाय खाली ने. आप्पा असताना पण तू असंच करायचास."

"आणि तू आप्पा असताना पण उशिरा सोडायचास."

"मी उशिरा नाही, तू घाईचा."

आत्याने माझ्याकडे पाहिले. कितीतरी वर्षांनी ते एकमेकांशी बोलत होते, आणि वाटणीआधी जिथे भांडण थांबले होते तिथूनच पुढे. पुढच्या किकला निळा धूर निघाला, गाडी दोनदा खोकली आणि सुरू झाली. त्या पत्र्याच्या शेडमध्ये असा दणका झाला की एट्टय्यांनी कानांवर हात ठेवले. दोघे भाऊ एका हँडलला धरून उभे होते. कोणी कोणाच्या गळ्यात पडले नाही. थोरले एवढेच म्हणाले, "टायमिंग थोडं मागे आहे," आणि धाकटे म्हणाले, "आहे." इतक्या वर्षांत त्यांचे एकमत झालेले हे पहिले वाक्य.

दोघांनी अर्ज मागे घेतले. कारण म्हणून 'गैरसमज' लिहिले. आमच्या ठाण्यात या शब्दाइतका राबलेला शब्द दुसरा नाही. आत्याचे नाव कुठेच आले नाही, त्यामुळे तिचे वयही लिहावे लागले नाही.

पुढच्या महिन्यात मेळावा झाला. तोरण, नादस्वरम, उशिरा आलेले प्रमुख पाहुणे. सचिवांनी ध्वनिक्षेपकावरून 'वेगाच्या ऐतिहासिक परंपरेची महान शर्यत' जाहीर केली. वास्तविक वेगाच्या शर्यतीला मीच परवानगी नाकारली होती, म्हणून ती संथ शर्यत होती: पाय जमिनीला न टेकवता, गाडी बंद न पाडता जो सर्वांत शेवटी पोहोचेल तो पहिला. थोरले चालवत होते, खटका हवा म्हणून धाकट्यांना मागे बसू दिले होते. तरुण मुले चमकत्या गाड्यांवरून एकेक करून डुगडुगत पाय टेकत गेली. हे दोघे आपले चालले होते. त्यांची मोटारसायकल इतकी सावकाश जात होती की त्यांचे सगळे बोलणे ऐकू येत होते.

"हळू."

"हळूच आहे."

"डावीकडे खड्डा आहे."

"मला डोळे आहेत."

"आप्पा इथे क्लच दाबायचे."

"मग उतर आणि आप्पांना पाठव."

माझ्या शेजारी छत्री उघडून बसलेली आत्या म्हणाली, "बघ, कशी तेल गळत्ये." तिचा चेहरा मात्र पूजेला बसल्यासारखा होता.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे व्याख्यानाला बोलावणारे लोक विचारतात. माणूस चूक करायला निघतो तेव्हाही घरचे वळण बरोबर घेऊन निघतो, आणि तपास करणाऱ्याने कुलपाआधी ते वळण पाहावे, हे एक. दुसरे असे की प्रत्येक अर्जाचा गुन्हा करायलाच हवा असे नाही. काही अर्जांना थोडे दिवस टेबलावर पडू दिले तर त्यांचे आपोआप भले होते. भावांमधली वाटणी कागदावर कितीही काटेकोर झाली तरी काही वस्तू दोघांच्या हातांशिवाय चालत नाहीत, आणि ते कळले की माणसे पुन्हा एकत्र येतात, असेही मी व्याख्यानात सांगतो. श्रोते टाळ्या वाजवतात.

मोटारसायकल आत्याच्या अंगणात असते आणि खंडेनवमीला तिची एकच पूजा होते. त्या संथ शर्यतीत ती सर्वांत शेवटी, म्हणजे पहिली आली. बक्षीस प्रेशर कुकर होता. तो थोरल्यांच्या घरी आहे. शिटी धाकट्यांकडे.